रूफटॉपवरचा धूर : नागपूरच्या पबमध्ये स्मोकिंग चालते तरी कसं?

तर्रीबाज
मंडळी, एक सरळ प्रश्न आहे. हॉटेलात, पबमध्ये सिगारेट ओढायले बंदी आहे हे शाळेतल्या पोट्ट्यालेही माहीत आहे, मग आपल्याकडे धरमपेठ म्हणा, सदर म्हणा, वर्धा रोड म्हणा, कोणत्याही रूफटॉपवर जा, दर दुसऱ्या टेबलावर धूर काहून असते? परवा भाच्याच्या वाढदिवसाले सगळे गेलो होतो (नाव नाही घेत, मालक ओळखीतला निघाला), तिथं वर टिनाचं शेड, तीन बाजूंनी काच, चौथ्या बाजूची पावसाळी प्लास्टिकची ताडपत्री पार खालपर्यंत सोडलेली, आत एसी सुरू, आणि वेटर म्हणते "सर ये ओपन एरिया है". बाजूच्या टेबलावर ॲशट्रे मागितली तं म्हणे "ॲशट्रे अलाउड नहीं है सर", अन् दोन मिनिटांत स्टीलच्या वाटीत ओला टिश्यू दाबून हजर! म्हणजे कायदा यायले बरोब्बर पाठ आहे, फक्त पाळायचा नाही. माझी वहिनी सातव्या महिन्यात आहे, तिला घेऊन आम्ही केक न कापताच खाली पार्किंगमध्ये येऊन उभे राहिलो. तं कोणी जाणकार सांगा, टिनाच्या शेडखालची जागा 'ओपन' कशी काय होते? आणि तक्रार करायची तं कोणाकडे?

पोहेवाला_कस्तुरचंद
तक्रार करा अन् मग त्याच मालकाच्या लग्नात भेटा 😄 नागपूर आहे भाऊ हे, इथं सगळे एकमेकांचे साळेच निघतात.

कोर्टकचेरी
हसण्यावारी नेऊ नका, प्रश्न चांगला आहे आणि उत्तरही बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

कायदा २००३ चा, सिगारेट-तंबाखूवरचा, ज्याला सगळे कोट्पा म्हणतात. त्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. त्यातच एक पळवाट, म्हणजे सवलत म्हणा, ठेवली आहे : ३० खोल्यांचं हॉटेल, ३० किंवा त्याहून जास्त माणसं बसतील असं रेस्टॉरंट आणि विमानतळ, इथे धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवता येते. 'ठेवता येते', ठेवलीच पाहिजे असं नाही. म्हणजे आपल्या गल्लीतली पंधरा-वीस खुर्च्यांची परमिट रूम, तिला हा हक्कच नाही, तिथे सगळंच बंद.

मग २००८ चे नियम आले, अंबुमणी रामदास आरोग्यमंत्री होते, २ ऑक्टोबरपासून लागू. ही वेगळी जागा कशी हवी ते त्यात लिहिलंय. चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार, हवा थेट बाहेर फेकणारा एक्झॉस्ट, ती हवा फिरून परत इमारतीत यायला नको, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, आणि ही खोली येण्याजाण्याच्या दाराशी नको. चार कुंड्या मांडून, बांबूची चटई लावून 'स्मोकिंग झोन'ची पाटी टांगली म्हणजे झोन होत नाही. त्याच नियमांत ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायलाही मनाई आहे. म्हणूनच ती वाटी! वाटीचं नाव नियमात नाही ना.

आता 'ओपन'चं. मूळ कायद्यात सार्वजनिक ठिकाणाची व्याख्या करताना शेवटी म्हटलंय की उघडी जागा त्यात येत नाही. सगळे रूफटॉपवाले त्या चार शब्दांवर जगतात. पण २००८ च्या नियमांनी तिथेही खुंटी मारली : लोक जिथे येतात अशी ठिकाणं, खुली नाट्यगृहं, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बसस्टॉप आणि तत्सम, ही 'उघडी जागा' धरायची नाही. टेबलखुर्च्या मांडून बिल फाडणारं रेस्टॉरंट त्या 'तत्सम'मध्ये येतं असं माझं मत. समोरचा वकील नाही म्हणेल, तो त्याचा धंदा. पण टिन, काच आणि ताडपत्री लावून आत एसी फिरवला की ती जागा उघडी आहे हे कोणत्याच न्यायाधीशासमोर तोंड वर करून सांगता येणार नाही.

दंड : ओढणाऱ्याला जास्तीत जास्त २०० रुपये. मालक-मॅनेजरनं तक्रार येऊनही काही केलं नाही तर जितके ओढणारे तितक्यांचा दंड त्याच्या डोक्यावर. दारावर ६० बाय ३० सेंटीमीटरची पाटी हवी आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लिहिलेलं हवं. पुढच्या वेळी दारात ते नाव शोधा, गंमत म्हणून.

तर्रीबाज
नाव?? पाटी होती, पण इतकी खाली अन् तिच्यासमोर मनीप्लांट. नाव वगैरे काही दिसलं नाही बाप्पा.

धूरकर_आयटीपार्क
बरं मी ओढणारा आहे, आधीच सांगतो, म्हणजे शिव्या एकदाच खातो. वहिनीच्या बाजूला बसून कोणी ओढत असेल तर तो भैताड आहे, त्यात वाद नाही. पण पब म्हणजे काय मंदिर आहे का बे? तिथं रात्री अकराला दारू प्यायला येता, कानाचे पडदे फाटतील असा डीजे चालतो, ते चालतं, अन् सिगारेट दिसली की सगळ्यांना एकदम फुफ्फुसं आठवतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख वर्षभर गच्चीवरच्या कपड्यांवर पडते, मेट्रो अन् सिमेंट रोडच्या नावाखाली इतकी वर्षं धूळ खाल्ली, त्याचा २०० रुपये दंड कोणाला लावला? मोठी माणसं आहेत, पैसे देऊन बसलीत, ज्याला नको त्यानं दुसरीकडे जावं. चॉईस नावाची काही गोष्ट असते.

शंकरनगरची_शमा
"ज्याला नको त्यानं दुसरीकडे जावं" म्हणजे कुठे जावं दादा? ऑफिसची पार्टी बॉस ठरवतो, मी नाही. दुसऱ्या दिवशी केसांना वास, ओढणीला वास, सासूबाई विचारतात ते वेगळंच.

अलमोस्ट_डेंटिस्ट
शमाताई +१.
धूरकर, कोराडीचा मुद्दा खरा आहे, त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. पण एक चुकीचं दुसऱ्या चुकीला सर्टिफिकेट देत नाही ना. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर 'थोडा चालतो' अशी सुरक्षित पातळीच नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलनं २००६ च्या अहवालात लिहून ठेवलंय. स्कॉटलंडनं २००६ च्या मार्चमध्ये पब-रेस्टॉरंटात बंदी आणली, त्यानंतरच्या वर्षी तिथल्या नऊ हॉस्पिटलांत हार्टच्या तीव्र झटक्याचे ॲडमिशन १७ टक्क्यांनी उतरले, आणि त्यात न ओढणाऱ्यांचा वाटा मोठा होता.

धूरकर_आयटीपार्क
डॉक्टर, अर्धंच सांगितलं. इंग्लंडमध्ये २००७ च्या बंदीनंतर तसाच अभ्यास झाला त्यात घट निघाली २.४ टक्के. सतरा कुठे, अडीच कुठे. आम्हीही वाचतो, फक्त बाहेर उभं राहून 🙂

अलमोस्ट_डेंटिस्ट
बरोबर आहे २.४. तिथे बऱ्याच ऑफिसांनी कायद्याच्या आधीच बंदी केली होती, म्हणून कायद्याचा वेगळा परिणाम कमी दिसतो असं ते अभ्यासवालेच म्हणतात. पण २.४ सुद्धा माणसंच आहेत. आणि तुम्ही आकडा बरोबर आणला म्हणून एक चहा माझ्याकडून, सिगारेटशिवाय.

गल्ल्यावरचा_बाबा
मी या धंद्यात आहे (जागा विचारू नका), दुसरी बाजू ऐकून घ्या.

आमच्याकडे ती काचेची खोली आहे. कोर्टकचेरी साहेबांनी सांगितलं तशी, बऱ्यापैकी. बनवताना आर्किटेक्टनं छान दाखवली, अन् मे महिन्यात कळलं खरं काय ते. नागपूरचा मे, बाहेर ४५-४६, एक्झॉस्ट फुल चालवला की एसीची थंड हवा सगळी त्या खोलीतून बाहेर ओढल्या जाते, हॉलमधले गिऱ्हाईक बोंबलतात 'एसी बंद है क्या'. म्हणून स्टाफ हळूच एक्झॉस्ट बंद करतो. एक्झॉस्ट बंद झाला की ती खोली अन् हॉल एकच, दार उघडलं की भपकारा बाहेर. एसी नसलेल्या बारमध्ये तं आणखी मजा. तिथं डेझर्ट कूलर असतात. कूलर बाहेरची हवा आत ढकलते, म्हणजे जिथं कूलर बसवला तिथं दाब वाढते, कमी नाही होत. ज्यानं स्मोकिंगच्या खोलीत कूलर लावला, बिचाऱ्यांना गरम नको म्हणून, त्यानं सगळा धूर फॅमिली सेक्शनमध्ये ढकलायची मशीनच लावली समजा. मी डोळ्यानं पाहिलंय अशी जागा, मालकाला सांगितलं तं म्हणे "खस चांगली लावली आहे, वास येत नाही".

बरं गिऱ्हाईकाला बाहेर पाठवावं तं चारातला एक टोळकं सिगारेटच्या नावानं खाली जाते अन् बिल न देता गाडी काढते. लहान जागेला हे परवडत नाही. त्यात बाजूचा ओढू देते, मी नाही देत, शनिवारी गर्दी कुठं जाईल? सगळ्यांना एकसारखं बंद करा, मी पहिला ती काचेची खोली तोडतो अन् तिथं दोन टेबलं लावतो. मला त्या खोलीचं प्रेम नाही. सोफ्याला पडलेली भोकं मोजायची सवय झाली आहे आता.

डब्लिनकर_धंतोलीचा
बाबा, तुमचं 'सगळ्यांना एकसारखं' हेच खरं मर्म आहे. मी इकडे आयर्लंडमध्ये राहतो. २९ मार्च २००४ ला इथे देशभर कामाच्या सगळ्या बंद जागांत, पबसकट, बंदी आली, अख्ख्या देशात अशी बंदी आणणारा हा पहिला देश. आयरिश माणूस आणि त्याचा पब, म्हणजे आपल्याकडे कोणी पानठेल्यावर गप्पा मारायला बंदी घातल्यासारखं. इथले जुने लोक सांगतात, मालक लोकांनी केवढा आरडाओरडा केला, धंदा बसेल, गावाकडचे पब बंद पडतील. आरोग्यमंत्री होते मायकल मार्टिन, ते हटले नाहीत. आणि लोकांनी पाळलं, कारण शेजारच्या पबमध्येही तेच होतं, जाणार कुठे.

तर्रीबाजच्या ताडपत्रीचं उत्तर इथल्या कायद्यात एका वाक्यात आहे. वर छप्पर असेल तर बाजूच्या भिंती परिघाच्या निम्म्याहून जास्त नकोत. निम्म्याहून जास्त झाल्या की ती आतली जागा, ओढायचं नाही. इंग्लंडमध्येही असंच निम्म्याचं गणित आहे. इन्स्पेक्टर येतो, टेप लावतो, संपलं. बंदी आली तेव्हा दंड ३००० युरोपर्यंत होता. आपल्याकडे 'उघडी जागा' म्हणून सोडून दिलं आणि मोजमाप दिलंच नाही, मग ताडपत्री वर-खाली होणारच.

बाकी ओढणारे आजही ओढतात, पावसात कुडकुडत बाहेर उभे राहून. सोडलेलेही पुष्कळ ओळखीत आहेत, कंटाळूनच सोडली.

गल्ल्यावरचा_बाबा
टेप लावणारा इन्स्पेक्टर आमच्याकडं आला तं आधी जेवून जाईल 😑

बाजीराव_इतवारी
लोकं जुनं विसरले. आमच्या तरुणपणी टॉकीजमध्ये पडद्यावर जाणारा उजेडाचा झोत धुरानं पांढरा दिसायचा, एसटीत कंडक्टरच बिडी ओढायचा. ते बंद होईल असं कोणालाही वाटलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाचा आदेश आला २००१ च्या नोव्हेंबरात, मुंबईचे मुरली देवरा गेले होते कोर्टात. तेव्हा हॉस्पिटल, शाळा, लायब्ररी, कोर्ट, सरकारी ऑफिस, रेल्वे-बस हे बंद झालं. हॉटेलं दोन वर्षांनी कायद्यात आली. आज एसटीत कोणी बिडी पेटवली तं बाया त्याला पुढच्या स्टॉपला उतरवतील, पोलीस लागत नाही. म्हणून म्हणतो, वेळ लागते, पण होते.

पोहेवाला_कस्तुरचंद
काका, बिडी गेली अन् चघळायचा खर्रा आला त्याचं काय? एसटीच्या खिडकीखाली उभं राहून दाखवा एकदा.

तर्रीबाज
आला खर्रा! मी वाटच पाहून राहिलो होतो कितव्या प्रतिसादाला येते.

अलमोस्ट_डेंटिस्ट
येणारच, आणि आला ते बरंच झालं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्व्हेत महाराष्ट्राचे आकडे पाहा : ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, आणि खाणारे-चघळणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात धुराचा प्रश्न लहान आणि तोंडातल्या तंबाखूचा प्रश्न त्याच्या सहापट. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या पोरांपैकी सिगारेटवाले मी बोटावर मोजेन. बाकी सगळे "मॅडम, खर्रा सोडला आहे, आता फक्त जेवणानंतर". तोंड उघडायला सांगावं तर दोन बोटं जात नाहीत आत. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होते, पांढरी पडते, तिखट लागलं की जाळ. तर्रीपोहे खाता येत नाहीत म्हणून घाबरून आलेला पोरगा पाहिलाय मी, वय वीससुद्धा नसेल.

महाराष्ट्रानं गुटखा २०१२ च्या जुलैत बंद केला. पण खर्रा पाकिटात येतच नाही, ठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून समोर घोटून देतात, त्याला ना कंपनी ना लेबल.

धूरकर_आयटीपार्क
मग झालं ना सिद्ध. ३.८ टक्क्यांच्या मागे कायदा, काचेच्या खोल्या, दाब आणि एक्झॉस्ट, आणि २४ टक्केवाले भिंती रंगवत फिरतात. आम्ही निदान थुंकत तरी नाही.

सदरकर_समीरा
धूरकर, मीही ओढते, आणि तुझ्याशी अर्धं सहमत आहे, पण तुझं कारण वेगळं, माझं वेगळं. मुलीनं नागपुरात पानठेल्यावर उभं राहून सिगारेट पेटवून दाखवावी. ठेलेवाला, रिक्षावाला, समोरच्या बँकेतले काका, सगळे काम सोडून पाहतात, एकजण तरी फोन काढतो. म्हणून मला ती काचेची खोली हवी. 'बाहेर जाऊन ओढा' हे पुरुषासाठी दोन मिनिटांचं काम आहे, माझ्यासाठी रात्री दहाला पार्किंगमध्ये एकटीनं उभं राहणं. सगळं बंद करा म्हणणाऱ्यांनी हे पण कुठेतरी मोजावं. (सोड म्हणू नका, आईचा फोन रोज येतो.)

शंकरनगरची_शमा
हे मी खरंच विचारात घेतलं नव्हतं. पण मग उपाय पार्किंगमध्ये लाईट आणि गार्ड हा आहे की आत धूर हा?

सदरकर_समीरा
लाईट आणि गार्ड मिळाला की सांग, मी खाली जाईन.

ट्रे_उचलणारा
बरेच दिवस वाचतो इथं, लिहीत नाही. आज लिहितो कारण इतके लोक बोलून राहिले, वहिनीचं, भाच्याचं, गिऱ्हाईकाचं, मालकाचं, अन् ज्याच्या हातात ट्रे असते त्याचं नाव एकानंही घेतलं नाही.

मी गोंदियाकडचा. घरी आजी बिड्या वळायची, तेंदूपत्ता कात्रीनं कापून सुपात घेऊन बसायची, तंबाखूचा वास मले आईच्या लुगड्याइतका ओळखीचा हाय, म्हणून वास सहन होत नाही असं नाटक मी करत नाही. नागपूरले आलो अन् वेटर झालो. आता सोडलं, दुसरं काम करतो. जिथं होतो तिथं स्मोकिंगची बंद खोली होती, सहा टेबलं. त्या खोलीत ड्युटी लागली की संध्याकाळी सातपासून रात्री दीडपर्यंत तिथंच. गिऱ्हाईक एक सिगारेट ओढते, दोन ओढते, तासाभरानं घरी जाते. त्याच्या जागी दुसरा बसते. मी तोच. एक्झॉस्ट बाबा म्हणतात तसाच, मालक आला की सुरू. घरी जाऊन रुमालानं नाक साफ केलं की रुमाल काळा. खोकला लागला तं कॅप्टन म्हणे "गिऱ्हाईकासमोर खोकू नको, बरं दिसत नाही, करोना समजतील". शनिवार-रविवार त्या खोलीत टिप जास्त मिळते, म्हणून आम्हीच आपसात भांडून ती ड्युटी घेत होतो, हे पण खरं हाय. मी आयुष्यात सिगारेट ओढली नाही.

धूरकर भाऊ, तुमचा चॉईसचा मुद्दा मी समजतो. तुम्ही दुसरीकडं जाऊ शकता, मॅडम जाऊ शकतात. मले जायचं असतं तं पगार सोडून जावं लागत होतं, अन् भाडं चार तारखेले द्यायचं असते.

कोर्टकचेरी
ट्रे_उचलणारा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आणि हे वाचा, कारण हे तुम्हाला तिथे कोणी सांगितलं नसणार : २०१७ च्या मे महिन्यात त्या नियमांत दुरुस्ती झाली, धूम्रपानाच्या जागेत कोणतीही सेवा द्यायची नाही. खाणं नाही, पिणं नाही, काही नाही. तिथे फक्त ओढायचं आणि बाहेर यायचं. म्हणजे त्या खोलीत सहा टेबलं असणं आणि तुमच्या हातात ट्रे असणं, दोन्ही बेकायदेशीर. मी वर लिहिताना खोलीच्या भिंती सांगितल्या आणि हे मागे राहिलं, पण खरं तर सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच आहे. कामाची जागा ही सार्वजनिक जागाच धरली आहे २००८ पासून.

गल्ल्यावरचा_बाबा
खरं सांगू, हे सेवेचं मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत असते. पण टेबल नसेल तं त्या खोलीत कोणी जात नाही, अन् खोलीत बिल फाटत नसेल तं खोली कायले बांधायची. त्या खोलीतलं बिल हॉलपेक्षा मोठं असते, एक सिगारेट संपेपर्यंत एक पेग संपते. एवढंच गणित आहे, त्याच्यावर कोणी तोंडावर बोलत नाही.

डब्लिनकर_धंतोलीचा
इथे बंदीची बाजू जिंकली ती नेमकी यामुळेच. गिऱ्हाईकाच्या तब्येतीवरून वाद घातला असता तर 'माझी तब्येत, माझी मर्जी' झालं असतं. कायदाच कामगारांच्या सुरक्षेचा म्हणून आणला, बारमनच्या बाजूनं. नंतर डब्लिनच्या बार कामगारांना तपासलं तर खोकला, कफ, डोळ्यांची आग या तक्रारी कमी झालेल्या निघाल्या.

धूरकर_आयटीपार्क
ट्रे_उचलणारा भाऊ, तुम्हाला काय उत्तर देऊ. चॉईस वगैरे मी गिऱ्हाईकापुरतं म्हणत होतो. तुमच्या बाबतीत ते लागू होत नाही, मान्य. त्या खोलीत टेबल नको, वेटर नको, फक्त उभं राहून ओढायची जागा, एवढ्यावर मी सही करतो. समीराचाही प्रश्न सुटतो. पण अख्खी खोलीच काढा म्हणाल तर नाही.

अलमोस्ट_डेंटिस्ट
खोलीच काढायचा मसुदा दिल्लीत निघाला होता, २०२० च्या शेवटी : रेस्टॉरंट-हॉटेलातली ही सवलत रद्द, दंड २०० चा २०००, विकत घ्यायचं वय १८ चं २१, सुटी सिगारेट बंद. हरकती मागवल्या आणि पुढे काही झालं नाही. कर्नाटकनं आपल्यापुरता कायदा बदलला, दंड १००० केला, वय २१ केलं.

पोहेवाला_कस्तुरचंद
सुटी सिगारेट तं आपल्याकडं २०२० च्या सप्टेंबरातच बंद झाली ना? जी.आर. निघाला होता. आज सकाळी पाहिलं, ठेल्यावर लायटर अजूनही दोरीले बांधलेलाच आहे. पाकीट घेणाऱ्याच्या खिशात लायटर असते, दोरीचा लायटर कोणासाठी मग?

बाजीराव_इतवारी
हुक्क्याचं पण बोला. तो तं सरळ बंद आहे.

कोर्टकचेरी
हो. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिलला आग लागली, १४ जण गेले, हुक्क्याच्या निखाऱ्यानं पेटल्याचं अग्निशमन दलाच्या चौकशीत आलं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्रानं कोट्पामध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले. ई-सिगारेट २०१९ मध्ये देशभर. तेव्हापासून 'हर्बल आहे साहेब' सुरू झालं. धाड पडते, भांडी जप्त होतात, नमुना लॅबला जातो, रिपोर्ट येईपर्यंत पार्लर नाव बदलून पुन्हा सुरू.

आता तर्रीबाजचा दुसरा प्रश्न राहिला होता. तक्रार आधी तिथल्या मॅनेजरकडे, तोंडी नको, मेसेज किंवा मेलवर, म्हणजे वेळ नोंदली जाते. त्यानं काही केलं नाही तर पोलीस स्टेशन, सब इन्स्पेक्टर आणि वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दंडाचा अधिकार आहे. अन्न व औषध प्रशासनाकडेही जाता येतं. (अधिकार कोणाकोणाला आहेत ती यादी वाचाच कधी, शाळेचे हेडमास्तर, पोस्टमास्तर, लायब्ररियनसुद्धा आपापल्या आवारात पावती फाडू शकतात. एकानंही फाडलेली मी पाहिली नाही.) फोटो काढताना माणसांचे चेहरे नको, ताडपत्री, एसी आणि ती वाटी एका फ्रेममध्ये घ्या, तेवढं पुरे.

ॲडमिन_संत्रानगरी
सूचना : कोणत्याही जागेचं नाव, फोटो इथे टाकू नये, तक्रार संबंधितांकडे करावी. खर्ऱ्यासाठी वेगळा धागा उघडला आहे, थुंकण्याची चर्चा तिकडे.

तर्रीबाज
धन्यवाद सगळ्यांचे, विशेष करून ट्रेवाले दादांचे. काल रात्री मालकालेच फोन लावला, ओळखीचा आहे तं फायदा घेतला. म्हणे "अरे तुझी वहिनी होती तं सांगायचं ना, दुसरं टेबल दिलं असतं". मी म्हटलं टेबलाचं नाही भाऊ, ताडपत्रीचं बोलतो, अन् आत जे पोट्टे ट्रे घेऊन फिरतात त्यायचं बोलतो. तं म्हणे पावसाळा संपू दे, मग वर करतो. मी मेल पाठवून राहिलो आहे, लेखी. कोर्टकचेरी साहेब, ड्राफ्ट एकदा पाहाल का? 'तत्सम'वाला नियम त्यात कसा घालू ते समजून नाही राहिलं.

कोर्टकचेरी
पाठवा व्यनि (खाजगी निरोप). २०१७ ची दुरुस्ती आधी घाला, 'तत्सम' नंतर. पहिल्यावर वाद घालायला जागा नाही.

गल्ल्यावरचा_बाबा
तो वर करेपर्यंत हिवाळी अधिवेशन येईल, मग थंडीसाठी पुन्हा खाली सोडेल. मेल पाठवाच. अन् त्याची ताडपत्री वर झाली की इथं कळवा, मी माझी खोली तोडायचं कोटेशन मागवतो, कबूल.

धूरकर_आयटीपार्क
बाबा, तोडू नका, नुसती टेबलं काढा.